तुम्ही उडवलेला परिच्छेद

वसंतकाका, तुम्ही गेल्याची बातमी मी ज्ञानकोशाच्या चावडीवर लिहिली. चावडी म्हणजे आपल्या इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात सगळ्या संपादकांनी बोलायची जागा. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे आणखी कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी सांगून ठेवते. दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘अल्पविराम या नावानं लिहिणारे आपले जुने सदस्य वारले. मी जालन्यात त्यांच्या अंत्ययात्रेला होते.’ थोड्या वेळानं खाली कुणीतरी लिहिलं, ‘अत्यंत दुःखद. संदर्भ मिळू शकेल का?’

मला आधी हसू आलं आणि मग डोकं फिरलं. माणूस गेल्याचा संदर्भ मी कुठून आणू? तुमच्या मुलाला फोन करून विचारलं, पेपरात काही दिलंय का. तो म्हणाला, “बाबांनी न्हाई म्हणून सांगितल्तं. पेपरवाले वय बी बराबर छापत न्हाईत म्हणायचे.” म्हणजे छापील पुरावा काहीच नाही. मी चावडीवर लिहिलं की मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर उत्तर आलं, ‘व्यक्तिगत माहिती ग्राह्य धरता येत नाही, क्षमस्व.’ ते वाक्य इतकं तुमच्या वळणाचं होतं की त्या पोराला तुम्हीच तयार केलं असणार. तेव्हा नियमानं तुम्ही अजून हयात सदस्य आहात. मी पुढं वाद घातला नाही.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी केव्हा लागली, हे मी इथं लिहिणार नाही. मला ते नीट माहीत नाही, आणि नीट माहीत नसलेलं लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही. मला आपलं भांडण तेवढं माहीत आहे. ते आपण दोघांनी मिळून लिहिलंय आणि पानाच्या इतिहासात सगळं जसंच्या तसं पडून आहे, कुणालाही बघता येतं.

मी तेव्हा ज्ञानकोशावर नवीन होते. मी नव्या जालन्यात स्टेशनच्या बाजूला बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात काम करते. पिशवीवर जे छापतात, वाण कोणता, लॉट कोणता, उगवण किती, ते तयार करून द्यायचं. एका दुपारी डबा खाताना फोनवर सहज आमच्या गावाचं नाव टाकलं, तर ज्ञानकोशात गावाचं पान निघालं. कुंभार पिंपळगावच्या पलीकडं, ओढ्याकाठचं एवढंसं गाव आमचं, त्याचं पान कुणी केलं असेल याचंच मला नवल. तालुका, हवामान, लोकसंख्या. खाली टेकडीवरच्या देवीबद्दल एक परिच्छेद आणि गावच्या पाटलांच्या दानशूरपणाबद्दल एक. ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्ध वस्ती आहे, तिचं नावसुद्धा नाही. जसं काही ओढ्यापाशी गाव संपतं.

मी चरफडत ‘संपादन’ वर बोट ठेवलं. कुणी अडवलं नाही, ओळख मागितली नाही. म्हटलं, हे बरंय. मग मी गयाआत्याच्या वाचनालयाबद्दल लिहिलं.

गयाआत्या माझ्या वडिलांची बहीण. अंगणवाडीत होती. नवऱ्याच्या मागं माहेरी राहिली आणि पोरांना वाचायला काही नाही म्हणून पत्र्याच्या पेटीत पुस्तकं जमवायला लागली. कुणाच्या लग्नाला गेली की आहेर म्हणून पुस्तक मागायची, बाया हसायच्या. पुढं विहारात एक खोली मिळाली, कपाट आलं, पाटी लागली. मी जी काही शिकले ती त्या पेटीवर. तेव्हा मी मनापासून लिहिलं होतं. ‘गयाबाईंच्या अथक परिश्रमातून साकारलेले हे ज्ञानाचे पवित्र मंदिर पंचक्रोशीचे भूषण आहे.’ असलं बरंच. लिहून झाल्यावर चार वेळा वाचलं आणि ऑफिसातल्या बायांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी परिच्छेद गायब. पानाच्या इतिहासात तुमची नोंद, ‘संदर्भ नाही. गौरवपर भाषा. काढले. – अल्पविराम.’

मी परत टाकला. तुम्ही परत काढला. मी परत टाकला. मग तुम्ही माझ्या चर्चापानावर (प्रत्येक सदस्याला आणि लेखाला बोलायला असं एक पान असतं) येऊन ‘आपले ज्ञानकोशावर स्वागत आहे’ असं म्हणून खाली बारा नियमांची वाट दाखवली. स्वागत कसलं, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी लिहिलं, ‘देवीचा परिच्छेद चालतो, पाटलाचा चालतो, वस्तीचं नाव आलं की तुम्हाला संदर्भ आठवतो का?’ मनात तुमचं चित्रही तयार होतं. पुण्याकडचा कुणी निवृत्त माणूस, हातात चहा, आणि आमच्यासारख्यांना शिस्त लावण्याचा छंद.

तुमचं उत्तर सकाळी आलं. ‘आपला मुद्दा योग्य आहे. मी तुमची वस्ती पाहिलेली नाही, देवीही पाहिलेली नाही.’ आणि तुम्ही देवीचाही परिच्छेद काढला, पाटलांचाही काढला. नवसाला पावते याला संदर्भ नाही, दानशूर होते याला संदर्भ नाही. पानावर तालुका, हवामान आणि लोकसंख्या उरली.

मग काय, गावात जाळ झाला. पाटलाच्या गणेशचा मला फोन आला. शाळेत माझ्या वर्गात होता, पण ओढा ओलांडून आमच्याकडं कधी आला नव्हता. म्हणाला, “सुमेधाताई, हा अल्पविराम कोन हाय? आपल्या गावाच्या मागं का लागून राह्यला हा?” आपल्या गावाच्या म्हणाला. मी म्हटलं, “पुण्याचा असंल कुणी.” तुमच्या विरोधात आम्ही दोघांनी मिळून चर्चापानावर लिहिलं. मी वाक्यं रचली आणि त्यानं शिव्या घातल्या, त्या तुम्ही काढून टाकल्या. ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे एका कागदावर आले असं माझ्या आठवणीत दुसरं काही नाही. हे मी तुम्हाला पुढं एकदा सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “चला, माझा काही तरी उपयोग झाला.”

तुम्ही एकच धरून बसला होता. कुठंही छापलेलं, त्रयस्थानं लिहिलेलं, एक वाक्य आणा. मी लिहिलं, ‘आमच्याबद्दल कुणी छापलंच नाही, त्याला आम्ही काय करायचं?’ तुम्ही लिहिलं, ‘आधी छापून यावे. ज्ञानकोश ही पहिल्यांदा लिहायची जागा नाही.’ हे वाक्य मला फार लागलं. म्हणजे ज्यांच्या दारात छापणारे गेले त्यांचंच सगळं आणि आम्ही ओळीच्या बाहेर. मी हे तिथं लिहिलं, आणि त्यावर मात्र तुम्ही काही दिवस गप्प होता. मला वाटलं, आता हरले हे.

तोवर एप्रिल आला. वस्तीत जयंतीची तयारी सुरू झाली. दर वर्षी जयंतीची पत्रिका छापतो आम्ही, मिरवणूक कधी, वक्ते कोण, भोजनदान कुणाचं. ह्या वर्षी मजकूर मी लिहिते म्हणाले. पोरं खूश, कारण दर वर्षी त्यांना ते काम नको असतं. मी मागच्या पानावर वाचनालयाचा इतिहास घातला. तोच परिच्छेद, ज्ञानाचे पवित्र मंदिर आणि पंचक्रोशीचे भूषण, सगळं. जालन्यातच मस्तगडला एका प्रेसमध्ये आमच्या भागातली सगळी पत्रिका-हँडबिलं छापतात, तिथं कागद पाठवून दिला. पत्रिका छापून आल्या. मी लगेच पानावर परिच्छेद टाकला आणि खाली ऐटीत संदर्भ दिला, जयंती उत्सव पत्रिका, पृष्ठ चौथं. घ्या म्हटलं, छापील.

संध्याकाळच्या आत तुमची नोंद आली. ‘सदर पत्रिकेतील मजकूर सदस्य सुमेधा यांनी स्वतःच लिहून प्रेसला दिला आहे. स्वप्रकाशित स्रोत. त्यांच्या सहीची हस्तलिखित प्रत मी वाचलेली आहे. काढले.’

मी ते वाचून थंड पडले. माझा कागद पुण्यात कसा गेला? मग हळूहळू लक्षात आलं. माझ्या अक्षरातला तो कागद प्रेसच्या माणसाखेरीज कुणी बघितलेलाच नाही.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. मी ऑटो करून मस्तगडला गेले आणि प्रेसच्या शेठजींना सरळ विचारलं, इथं मजकूर तपासतं कोण? ते म्हणाले, “ते वरचे वसंतराव. उमर गेली त्यांची प्रूफं वाचण्यात. रिटायर झाले तरी आम्ही कागद वर पाठवतो. का बाई, काही गलती झाली का?” मी म्हटलं, बिलकुल झाली, आणि जिना चढले.

तुम्ही बनियनवर बसला होता. समोर जुना कॉम्प्युटर, त्यावर माझ्या गावाचं पान. मी दारातूनच म्हणाले, “अल्पविराम तुम्हीच का?” तुम्ही उठून आधी शर्ट घातला. मग म्हणालात, “या. सुमेधा ना तुम्ही? बसा.”

“मला वाटल्तं तुम्ही पुण्याचे.”

“मला बी तुम्ही पुण्याच्याच वाटल्त्या,” तुम्ही म्हणालात. “पत्रिकेचा कागद येईपर्यंत. काय ती भाषा तुमची. पंचक्रोशीचे भूषण.”

एवढे महिने आपण एकमेकांना ‘आपण’ आणि ‘सदर’ आणि ‘ग्राह्य’ करत होतो, आणि दोघंही जालन्याचे. दोघांनाही वाटत होतं समोरच्याची भाषा आपल्यापेक्षा शुद्ध आहे, तेव्हा आपणही जपून लिहावं. काकू आतून बाहेर आल्या. त्यांना काही कळेना. त्यांनी विचारलं, “भांडायला आल्ती का ही पोरगी?” तुम्ही हो म्हणालात. काकू म्हणाल्या, “मंग खाऊन भांड. धपाटे केलेत.” धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मी खाऊन भांडले.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं की आयुष्यभर प्रेसमध्ये बसलेला माणूस छापलेल्यावर विश्वास कसा काय ठेवतो. तुम्हाला तर माहीत असणार काय काय छापलं जातं. तुम्ही म्हणालात, “माहीत हाय म्हणूनच तर. लग्नाची पत्रिका, निवडणुकीचं पत्रक, सत्काराचा मजकूर. लोकांचं खोटं मी आयुष्यभर शुद्ध करून दिलं. वेलांट्या बराबर, माणूस खोटा. एखादी जागा अशी पाहिजे का न्हाई, जिथं आपण विचारू शकतो की हे कशावरून?”

“पण छापलेलं खोटंच आहे म्हणता, आणि तेच मागता.”

“खोटं असंल, पण खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. कुणाला धरायचं ते कळतं. तुमच्या आठवणीला मी कुठं जाऊन धरू?” मग तुम्ही माझ्यावरच उलटलात. “तुमच्या कंपनीत पिशवीवर उगवण किती ते तुम्ही आठवणीनं टाकता का?” मी म्हटलं नाही, लॅबचा कागद येतो. तुम्ही हात पसरून बसलात, जसं काही विषय संपला. मला तुमचा ह्या गोष्टीचा फार राग यायचा. पटवून झालं की तुम्ही समोरच्याला पाणी विचारायचात.

मला वाटलं होतं ओळख झाली, आता निदान एक ओळ तरी हा माणूस ठेवू देईल. झालं उलटंच. सोमवारी चर्चापानावर तुमचं निवेदन. ‘सदस्य सुमेधा यांच्याशी माझी प्रत्यक्ष ओळख झाली असून त्यांनी माझ्या घरी भोजन केले आहे. हितसंबंध निर्माण झाल्याने या पानावर मी यापुढे कोणतेही संपादन करणार नाही.’ भोजन केले आहे. ज्ञानकोशात धपाट्यांची नोंद करणारे तुम्ही पहिले. मी फोन करून म्हटलं, “काका, ह्या हिशेबानं सगळ्या गावाला जेवू घाला, मंग कुणाचंच काही उडवता येणार न्हाई तुम्हाला.” तुम्ही बराच वेळ हसलात.

आता पान मोकळं होतं. मी विचारलं, टाकू का परिच्छेद? तुम्ही म्हणालात, “टाका की. मी हात लावणार न्हाई. पण बरोबर केलं का म्हणून मला विचारू नका.” ह्यात मी अडकले. तुम्ही उडवणार असता तर मी रोज टाकला असता. तुम्ही नुसते बघत बसणार म्हटल्यावर हात धजेना.

त्यानंतर शनिवारी येणं सुरूच झालं. काकूंनी मला कधी पाहुण्यासारखं वागवलं नाही, भाजी निवडायला बसवायच्या. तुम्ही मला वाक्यं कमी करायला शिकवलं. एकदा माझा अख्खा परिच्छेद घेतला, पेन चालवत गेलात आणि शेवटी उरलं ते एवढंच, ‘गावातील बौद्ध वस्तीत वाचनालय आहे. ते गयाबाई यांनी सुरू केले.’ मी म्हटलं, सगळा जीवच काढला की ह्यातला. तुम्ही म्हणालात, “वाचा परत. ‘गयाबाई’ आता दिसून राह्यल्या का न्हाई? आधी विशेषणांच्या मागं लपल्त्या.” हे मान्य करायला मला त्रास झाला, पण दिसत होत्या खऱ्या.

पुस्तकाची कल्पना तुमचीच. जिल्ह्यातल्या छोट्या वाचनालयांवर एक प्राध्यापक पुस्तक लिहीत होते, त्यांचा मजकूर प्रेसला येणार होता. तुम्ही म्हणालात, त्यांना तुमच्या गावाचं सुचवा फक्त, तुम्ही मध्ये पडू नका, सोबत जाऊ नका, काही लिहून देऊ नका. त्रयस्थ माणूस त्रयस्थपणे जाऊ द्या. मी तंतोतंत तसं केलं. आत्याला सांगितलं, कुणी येऊन विचारेल, खरं खरं सांग. आत्यानं नवी साडी काढून ठेवली होती म्हणे.

प्राध्यापक आले तेव्हा नेमकी आत्या गावात नव्हती. परभणीला, मुलीकडं, डोळ्याचं ऑपरेशन करायला. विहारापाशी युवक मंडळाची पोरं होती, त्यांनी खोली उघडून दाखवली, चहा पाजला. पुस्तक छापून आलं; तुम्ही तेव्हा आजारी होता, प्रूफं तुम्ही वाचली नव्हती. चांगला कागद, खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता. आमच्या गावाला सहा ओळी. त्यातली एक, ‘वाचनालयाची स्थापना गावातील युवक मंडळाने केली.’ गयाआत्याचं नाव नाही.

आत्याला मी वाचून दाखवलं. तुम्ही तिला कधी भेटला नाहीत, भेटायला हवं होतं. तिला मोठेपणा नको वगैरे काही नाही. ती म्हणाली, “मंडळाच्या पोरांनी फकस्त कपाट उचलून आत ठिवलं. पेटी माझी, पुस्तकं माझी, लोकांच्या दारात मी गेल्ते. ही पोरं तव्हा लंगोटीत होती. माझं नाव टाक.” मी म्हटलं, आत्या, छापून आलंय आता. तिनं विचारलं, “छापून आलं म्हंजे मी न्हवते का?” मग जरा वेळानं, “मी मेल्यावर टाकून मला काय करायचंय सुमे. आत्ता बघू दे.”

मी पुस्तक घेऊन तुमच्याकडं आले. तुम्हाला तेव्हा जिना चढायला दम लागायला लागला होता, कॉट खिडकीशी आणली होती. तुम्ही सवयीनं पेन मागितलं आणि त्या सहा ओळी वाचल्या. शुद्धलेखनाची एक चूक सुधारलीसुद्धा. मी म्हटलं, “काका, ती नाही हो, खरी चूक दुसरी आहे.”

“कळलं मला,” तुम्ही म्हणालात.

मग आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणाले, हे घ्या, त्रयस्थ, छापील, पत्त्यासकट, आणि खोटं. आता ज्ञानकोशात हे जाणार आणि माझी आत्या जाणार नाही, कारण नियम तुमचा आहे. तुम्ही म्हणालात, लेखकाला पत्र लिहा, शुद्धिपत्र मागा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. मी म्हणाले, मी लिहिलं, ते म्हणतायत पुढच्या आवृत्तीत बघू, आणि असल्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघत नाही हे मला कळतं, तुम्हाला तर पक्कं माहीत आहे. मी म्हणाले, आत्याची नजर आत्ता आली आहे, तिला आत्ता बघायचंय. माझा आवाज चढला होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

तुम्ही पेन खाली ठेवलं. पाणीही विचारलं नाही. पुस्तक पोटावर उपडं ठेवून खिडकीकडं बघत राहिलात. खाली मशीन चालू होतं, कुणाचं तरी काहीतरी छापत होतं. मग म्हणालात, “मला विचार करू द्या. शनिवारी या.”

शुक्रवारी तुमच्या मुलाचा फोन आला.

तुम्ही काय म्हणणार होता, ह्याचा मी खूप विचार केला. कधी वाटतं, नियम तो नियम म्हणाला असतात. कधी वाटतं, तुम्हाला पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं आणि तुम्ही ‘टाका’ म्हणणार होता. काकूंना विचारलं, काही बोलले का मधल्या दिवसांत. त्या म्हणाल्या, “मला म्हणले, त्या पोरीची आत्या खरं बोलून राह्यली. एवढंच.” मी म्हटलं, मग टाकू म्हणाले का? काकू म्हणाल्या, “ते न्हाई म्हणले.” बघा, तुम्ही जातानासुद्धा अर्धंच दिलंत. आत्या खरी हे मान्य, पण पानावर चालेल का हे नाही सांगितलं. मला तुमचा राग आला. आणि त्या रागातच, तुमच्या कॉटच्या मोकळ्या पट्ट्यांकडं बघून, मला रडू आलं. मला शिकवणारे पुष्कळ भेटले काका, पण माझं प्रत्येक वाक्य खरं आहे की नाही ह्याची इतकी काळजी करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तोंडावर मी फक्त भांडले.

तेरवी झाल्यावर मी पान उघडलं आणि लिहिलं. ‘गावातील बौद्ध वस्तीत वाचनालय आहे. ते युवक मंडळाने सुरू केल्याची नोंद एका पुस्तकात आढळते.’ इथं पुस्तकाचा संदर्भ दिला, पृष्ठासकट. पुढं लिहिलं, ‘वस्तीतील लोकांच्या सांगण्यानुसार ते गयाबाई यांनी सुरू केले.’ आणि त्या वाक्याच्या डोक्यावर मी माझ्या हातानं ‘संदर्भ हवा’ चा शिक्का मारला. तुम्ही मारला असता तसाच. विशेषण एकही नाही.

रविवारी गावी जाऊन आत्याला फोनवर दाखवलं. तिनं चष्मा लावला, अक्षर मोठं करायला सांगितलं, आणि स्वतःचं नाव बोटानं दाबून वाचलं. दाबल्यामुळं पान सरकलं, मी परत आणून दिलं. ती खूश झाली. मग शिक्क्याकडं बोट करून म्हणाली, “हे काय हाय वर?”

मी सांगितलं, म्हणजे अजून पुरावा पाहिजे.

“त्या मस्तगडच्या मानसानं लावलं का?”

“न्हाई, म्या लावलं. ते वारले आत्या.”

“कव्हा?”

मी सांगितलं. आत्यानं फोन मांडीवर ठेवला. तिला तुम्ही फक्त तिचं नाव उडवणारे म्हणून माहीत होता. म्हणाली, “त्यानं बघितलं असतं म्हंजे बरं झालं असतं. आता हे बराबर हाय का न्हाई, कोन सांगंल?”

मी तिचा चष्मा पुसून दिला.

परिच्छेद अजून तिथंच आहे काका. गणेशनं बघितला नाही, चावडीवरच्या त्या संदर्भ मागणाऱ्या पोरानंही बघितला नाही. ऑफिसात पोचले की मी आधी पानाचा इतिहास उघडते, वाटतं आज तरी कुणी तरी उडवला असेल, निदान एखादा शब्द कापला असेल. सगळ्यात वर माझीच नोंद असते. तुमच्यानंतर आमच्या गावाच्या पानावर कुणी आलेलंच नाही.